१९०० सालचा फेब्रुवारी

सर्व उपस्थितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आज एक माणूस स्वतःवरच खटला भरतो आहे. आरोपी मी, वकीलही मी — आणि वकिलाला अशिलाची चीड आहे. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या एका हॉलमध्ये मी दर शनिवारी सकाळी, तिथे नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना प्रोग्रॅमिंग शिकवायचो. फुकट — आणि त्याचा तोरा केवढा. पद्धत अशी, की टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर आपोआप तपासणारी छोटी चाचणी, मी आधीच लिहून द्यायची. ती लाल दिसते. मग त्यांनी कोड लिहायचा. उत्तर जुळलं की टेस्ट हिरवी. त्या दिवशीचा धडा होता लीप वर्ष ओळखण्याचा. वैदेही, पुण्यातली फार्मसिस्ट, इथे नवा धंदा शिकू पाहणारी — तिची एकच टेस्ट लाल राहिली. १९०० सालची.

"सर, टेस्टच चुकली असेल का?"

मी काय करायला हवं होतं? बघायला. मी काय केलं? दोन्ही हात पसरून अख्ख्या वर्गाला ऐकवलं, "टेस्ट चुकत नाही हो, माणसं चुकतात." सगळे हसले. तिनं आपला बरोबर कोड मोडला, टेस्ट हिरवी केली, आणि मी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी चहा पिताना कळलं — शतकाचं वर्ष चारशेनं भागलं गेलं तरच लीप. १९०० नाहीच; माझ्या टेस्टमध्ये ते लीप धरलं होतं. फाइल गुपचूप दुरुस्त केली. तिला सांगितलं? छे. असल्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते ना? मला अजून वाटते.

पण कबुली ही नाहीच — मी अजून टाळतोय.

दोन महिन्यांनी ती आमच्या पेनरोजच्या ऑफिसात मुलाखतीला आली. समोर आमचा किवी, म्हणजे इथलाच न्यूझीलंडर, मॅनेजर आणि मी. त्यानं नेमकं लीप वर्षच विचारलं. तिनं फळ्यावर उत्तर लिहिलं — सुबक अक्षरात, माझं उत्तर. १९०० लीप नव्हतं, मॅनेजर हळूच म्हणाला. ती माझ्याकडे वळली आणि मराठीत एक वाक्य बोलून गेली. त्या खोलीत मराठी कळणारं आणखी कोण होतं? काय म्हणाली, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, घाबरली आहे, बाकी काही नाही.

नोकरी दुसऱ्याला मिळाली.

ती घाबरली नव्हती. ती म्हणाली होती, "सर, तुम्हीच तर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या ना?"