तेलाचं माप

मिस्तरीला गाडीची नाडी कळते असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मिस्तरीला फार आवडायचं. पस्तीस वर्षांत त्याने जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींखेरीज कशालाही हात लावला नव्हता. नव्या गाड्यांना तो नाक मुरडायचा आणि शेजारच्या गॅरेजचा रस्ता दाखवायचा. त्याची स्वतःची गाडी मात्र चार वर्षं सुटी होऊन डब्यांत पडली होती. बायको त्यावरून रोज टोमणे मारायची.

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल. प्लग काढून नाकाशी धरायचा, उजेडात फिरवायचा. काळा ओशट असला तर पेट्रोल जास्त येतंय, पांढरा पडला असला तर कमी. कुणी मध्येच घाई केली तर म्हणायचा, "मग ढकलत न्या."

त्या दिवशी मास्तरांची गाडी आली होती. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, गाडी त्यांच्या लग्नाच्या आसपासची. गार असताना झकास चालायची, तापली की मान टाकायची. मिस्तरीने ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर बदलला. तरी अडखळतच होती, म्हणून कार्बोरेटर उघडला. जेटच्या बारीक भोकात गंजाचा कण अडकला होता. म्हणजे टाकीतच गंज. मग टाकी उतरवून धुतली, पुन्हा बसवली आणि ताजं पेट्रोल भरलं.

या इंजिनांना तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलातूनच मिळतं. म्हणून मिस्तरी एरवी आधी माप भरून तेल ओतायचा, मग पेट्रोल. त्या दिवशी टाकी खळबळताना पेट्रोलचा कॅन हातातच होता, म्हणून पेट्रोल आधी गेलं. तेलाचं माप भरलं, तेवढ्यात मास्तर बायकोला घेऊन दारात हजर. दोघांना डोंगरापलीकडे लेकीकडे जायचं होतं. मिस्तरीने माप ओट्यावर ठेवलं आणि ऐटीत गाडी सुरू करून दाखवली. इंजिनात जुन्या तेलाचा ओशटपणा होता, त्यावर ती गोड चालली. मास्तर खूश होऊन निघून गेले.

पाऊण तासाने ओटा पुसताना मिस्तरीचा हात मापाला लागला. ते काठोकाठ भरलेलं होतं.

म्हणजे तेल टाकीत गेलंच नव्हतं. चढावर कोरडं इंजिन तापणार, पिस्टन आवळणार, मागचं चाक जागीच थांबणार. आणि मागे मास्तरीणबाई, मांडीवर पिशवी घेऊन. त्याने तीनदा फोन लावला. मास्तर गाडी चालवताना फोन उचलत नसत. एवढे शिस्तीचे असावेत का माणसाने, असा त्याला रागच आला.

"अगं, स्कूटर काढ," तो गॅरेजमागच्या घरात बघून बायकोवर ओरडला.

तिने काही न विचारता काढली. मागे बसून त्याने माप दोन्ही हातांनी धरलं. वाटेत गर्दी दिसली की तो मान उंचावून बघायचा. एका वळणावर कुणाची तरी चप्पल पडलेली दिसली, तेव्हा तर त्याने स्कूटर थांबवायलाच लावली.

"पुरुषाची आहे," बायको म्हणाली. तेवढ्याने त्याला धीर आला नाही.

चढाच्या मध्यावर गाडी स्टँडवर उभी दिसली. दोघं कठड्यावर बसली होती, धडधाकट.

"या, या!" मास्तरांचा चेहरा फुलला. "आज तेलाचा धूरच नव्हता हो, काय पळत होती! मग किणकिण सुरू झाली. ही म्हणाली, जळका वास येतोय. मी क्लच ओढून थांबलो. पण तुम्हाला कसं कळलं? ऐकलंस का गं, याला म्हणतात मिस्तरी."

मिस्तरीने किक हाताने दाबून पाहिली. जड होती, पण फिरत होती. इंजिन वाचलं होतं. आता गुपचूप तेल ओतलं असतं, तर वर नाव झालं असतं. बायको त्याच्याकडे बघत होती. तो त्या मोहात नक्की पडला असता, पण मास्तरीणबाई पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यालाच देऊ लागल्या.

"मी तेल घालायला विसरलो, बाई," तो म्हणाला. "चाक अडकलं असतं तर तुम्ही दोघं पडला असता."

मास्तर कठड्यावरून उठून गाडीपाशी आले. इंजिन एव्हाना गार झालं होतं. मिस्तरीने प्लगच्या भोकात चार थेंब सोडले, उरलेलं तेल टाकीत ओतून गाडी गदागदा हलवली. मास्तरीणबाई उठल्या आणि सरळ त्याच्या बायकोच्या स्कूटरवर जाऊन बसल्या.

मास्तरांनी किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

गाडी निळा धूर सोडत चढाला लागली. पहिल्या वळणावर मास्तरांनी मागून विचारलं, "तेल घातलं ना?"

पस्तीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"घातलं," तो म्हणाला.

दुसऱ्या वळणावर त्यांनी पुन्हा विचारलं.