मिठाची तक्रार

वसुलीकाकू जिथे मागायला जायच्या तिथे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. चहा तर लांबच. भर उन्हात जिने चढून आलेल्या बाईला कोणीही ‘बसा हो, चहा टाकते’ म्हणणारच. त्यावर काकू दारातच उभ्या राहून म्हणायच्या, "चहा नको. चहा पाजला की माणसाला वाटतं, दिलं. मग पाकिटाकडे हात जात नाही." पहिल्या भेटीत हे त्या माझ्याच तोंडावर बोलल्या होत्या, मी आधण ठेवायला वळले असताना. मला इतका राग आला की त्या रागातच पाकीट उघडलं. ही त्यांची पद्धतच होती, हे पुढे त्यांच्याबरोबर दारोदार हिंडायला लागल्यावर कळलं. गोड बोलून मिळतं त्यापेक्षा झोंबवून जास्त मिळतं, असा त्यांचा अनुभव होता, आणि दुर्दैवाने तो खरा होता.

त्या एका पतपेढीत वसुलीला होत्या, म्हणून वसुलीकाकू. निवृत्त झाल्या, पण सवय गेली नाही. "कर्ज बुडवणारा आणि देणगी टाळणारा, दोघंही दार अर्धंच उघडतात," असं त्या म्हणायच्या आणि अर्ध्या उघडलेल्या दारात चप्पल सरकवायच्या. इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत त्यांना येताना खिडकीतून बघून दिवे मालवणारी घरं होती. काकू अशा घराची बेल जरा जास्तच वेळ दाबायच्या.

मागायच्या त्या स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या घरांसाठी. बायकांसाठी नाही, घरांसाठी, हा फरक त्या प्रत्येक दारात बजावायच्या. आमचा पाचसहा जणींचा गट होता. जिची केमो चालू असेल तिच्या घरी दुपारचा डबा पोचवायचा, तिच्या पोरांचा अभ्यास घ्यायला कोणी शोधायचं, म्हातारी सासू असेल तर तिच्याजवळ बसायला एखादी बाई ठेवायची, हॉस्पिटलला जायची रिक्षा द्यायची, एवढंच काम. लोक विचारायचे, औषधाला का नाही देत? काकू फटकन म्हणायच्या, "औषधाला देणारे खूप आहेत. औषधाला दिलं की जीव वाचवल्यासारखं वाटतं. पण आई हॉस्पिटलात असते तेव्हा घरात पोरं बिस्किटं खाऊन झोपतात, त्याचं काय? बिस्किटाचा फोटो चांगला येत नाही, म्हणून कोणी देत नाही."

आणि तो शब्द त्या मोठ्याने उच्चारायच्या. आमच्याकडे आजाराचं नाव घ्यायची वेळ आली की बायका आवाज बारीक करून ‘ते झालंय’ म्हणतात, पुरुष तर छताकडे बघतात. काकू जिन्यात ऐकू जाईल असं ‘स्तनाचा’ म्हणायच्या. समोरचा चुळबुळला की वर, "बोलायची लाज वाटतेय ना? मग न द्यायचीही थोडी वाटू द्या."

आजारी बायकांशी तरी गोड बोलतील असं वाटत होतं, पण तिथेही तेच. कोणी गळ्यात पडून रडायला लागली की पाठीवरून हात फिरवणं वगैरे नाही. "झालं रडून की डबा घासून ठेव. उद्या रिकामा लागतो." मला सुरुवातीला हे फार लागायचं. मग एकदा त्यांनी आपल्या ब्लाउजच्या आतून एक सुती पिशवी काढून माझ्या हातात दिली. मऊ, गोल, आत मोहरी भरलेली. त्यांची डावी बाजू बऱ्याच वर्षांपूर्वी काढली होती. "बाजारातलं परवडत नाही सगळ्यांना. मोहरीचं वजन बरोबर बसतं," म्हणाल्या. अशा पिशव्या त्या घरी बसून शिवायच्या आणि प्रत्येकीला मोजूनमापून द्यायच्या. हसत नसत, पण टाका मात्र बारीक घालायच्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटून घेणं सोडलं. अगदीच सोडलं असं नाही, कमी केलं.

डब्याबद्दल त्यांचा एक ठोकताळा होता. "जी मिठाची तक्रार करते ती जगते. जी ‘छान आहे हो’ म्हणते, तिची मला भीती वाटते." मी म्हटलं, असं कुठे असतं का? म्हणाल्या, "जिला चव कळते तिला अजून जेवायचं असतं. जिला फक्त माझं मन राखायचं असतं, ती निघाली." हे क्रूर होतं. पण मी पाहिलंय, बऱ्याचदा तसंच झालं.

वंदना पहिल्याच दिवशी तक्रार करणारी निघाली. ती राई गावची. नवरा टेम्पो चालवायचा, दोन मुली शाळेत, आणि हिची केमो सुरू झालेली. आमचा डबा स्टेशनच्या पूर्वेकडून निघून पार राईपर्यंत रिक्षाने जायचा. आम्ही दोघी तिला भेटायला गेलो तेव्हा ती ओट्यावर डोक्याला फडका बांधून बसली होती. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "काकू, भाजीत मीठ कोन टाकतं? मिठागरं आमच्या दाराशी हायत, पन आमी एवरं मीठ न्हाय खात!" काकूंचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. परतीच्या रिक्षात म्हणाल्या, "ही जगणार."

डब्यांचा मोठा खर्च एक शेठ द्यायचे. हार्डवेअरचं दुकान, दोन इमारती, आणि आमच्या भागातल्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, मागितलं की द्यायचा. फक्त त्याला दिलेलं दिसायला हवं असायचं. त्या वर्षी त्यांनी काकूंना मंडपात बोलावलं आणि सांगितलं की गरब्याच्या आधी स्टेजवर एका पेशंटचा परिवारासकट सत्कार करायचा, शाल, श्रीफळ, मोठा चेक. "काकी, पब्लिक को दिखना चाहिए ना, पैसा किधर जाता है. वो राईवाली को लेके आओ, दो छोटी बच्ची हैं, अच्छा लगेगा."

काकू म्हणाल्या, "माझ्या बायका मी स्टेजवर चढवत नाही."

"तो फिर किसको दूँ मैं? हवा को?"

"बाई हवी ना स्टेजवर? येते," एवढंच बोलून त्या निघाल्या. मला वाटलं, त्या स्वतःच संस्थेतर्फे शाल घेतील. शेठलाही तसंच वाटलं असणार.

अष्टमीच्या दिवशी मंडप भरलेला होता. घागरे, टिपऱ्या, पुढच्या रांगेत नगरसेवक. काकू स्टेजवर गेल्या. शेठ शाल उलगडून पुढे आले तेव्हा काकूंनी पदराखाली हात घातला, मोहरीची पिशवी काढली आणि तबकात नारळाशेजारी ठेवली. माईक समोरच होता. "सत्कार याचा करायचाय ना? याला घाला शाल. माझं जे होतं ते हॉस्पिटलवाल्यांनी ठेवून घेतलं."

एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं आणि आईने तिचं तोंड दाबलं. मग कोणीतरी घाईघाईने गाणं लावलं. काकू पिशवी उचलून एका बाजूने सपाट छातीने, ताठ मानेने खाली उतरल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी भर मंडपात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

पुढच्या महिन्यापासून शेठचे पैसे बंद झाले.

आम्ही जेसल पार्कात, इंद्रलोकमध्ये जीव तोडून हिंडलो. पण मंडपातली गोष्ट आमच्या आधी दारोदार पोचली होती, आणि दारं आता अर्धीही उघडत नव्हती. डबे कमी करावे लागले. जवळचे ठेवले, लांबचा पहिला कापला. लांबचा म्हणजे राईचा. हे सांगायला काकू स्वतः गेल्या, मला बरोबर घेऊन.

वंदनाने सगळं ऐकून घेतलं. तिला उभं राहवत नव्हतं, ती भिंतीला टेकली होती. मग म्हणाली, "तुमचा मान ऱ्हायला काकू. माझ्या पोरींचा डबा न्हाय ऱ्हायला. मी चढले असते टेजवर. शाल काय, गोनपाट घातलं असतं तरी चढले असते. तुमी मना इचारलं का?"

आतून मोठी मुलगी आली, हातात बिस्किटाचा पुडा होता. काकूंनी तो पाहिला, आणि मी काकूंना पाहिलं. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "विचारायला हवं होतं ग."

त्यानंतर त्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकातून राईचा डबा चालू केला. नवरा, म्हणजे नाना, कानाने अधू, छापखान्यातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. ते डबा घेऊन जायचे. पण हे फार दिवस चाललं नाही, कारण काकूंचं दुखणं परत आलं. या वेळी हाडांत. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बरोबर होते. काकूंनी विचारलं, "नवरात्रीपर्यंत उभी राहीन का?" डॉक्टरांना वाटलं, बाई देवभोळी आहे.

त्या शेठच्या घरी गेल्या. मला म्हणाल्या, तू नुसती बस, बोलू नकोस. शेठच्या बायकोने संकोचत चहा आणला. काकूंनी कप घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला, बशीत सांडलेलासुद्धा. मग डोक्यावरचा पदर मागे घेतला. केस एकही उरला नव्हता. "शेठ, या वर्षी मला चढवा. मी पेशंटच आहे. कोणाला वाटणार नाही पैसे हवेत गेले." शेठ खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "काकी, बुरा मत मानना, फोटो भी लेंगे."

"घ्या. चांगला येईल."

खाली येऊन रिक्षात बसण्याआधीच त्यांना गटारीच्या कडेला उलटी झाली. मी पाठ धरली. तोंड पुसून म्हणाल्या, "बरं झालं. याचा चहा पोटात ठेवायचा नव्हता."

त्या नवरात्रीत त्या स्टेजवर खुर्चीत बसल्या. शाल घेतली, नारळ घेतला, शेठचं भाषण सगळं ऐकलं. फोटोत नानांनाही बोलावलं, तेव्हा मात्र काकूंनी हात आडवा केला. "त्यांना नाही. मी ठरवलंय माझं. त्यांना कोणी विचारलेलं नाही." फोटो बॅनरवर छापून चौकात लागला. त्यात शेठ मोठे होते, काकू लहान. दुसऱ्या आठवड्यात राईचा डबा पुन्हा सुरू झाला.

थंडीत काकू अंथरुणाला खिळल्या. आता डबा त्यांच्याच घरी न्यायची वेळ माझ्यावर आली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम भाजीत मीठ दुप्पट टाकलं. एक घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेने, जो मला कधीच ऐकायचा नव्हता त्या आवाजात म्हणाल्या, "छान झालंय हो." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेरून आवाज आला, "झालं की डबा घास."

त्या गेल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. ज्यांनी दिवे मालवले होते ते सगळे आले होते आणि सगळ्यांना त्यांचे काकूंशी असलेले घरोब्याचे संबंध आठवत होते. शेठनी जाहीर केलं की डबे काकूंच्या नावाने चालू राहतील. मग ते शाल घेऊन उभे राहिले, आणि फोटोवाला पुढे झाला. "नानाजी, आइए, एक फोटो." नानांना नीट ऐकू आलं नाही. दोघा जणांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. ते बायकोच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होते आणि त्यांना कळत नव्हतं आपल्याला कुठे नेतायत. मी उठले, पण माझ्याआधी मागच्या रांगेतून एक बाई पुढे गेली होती.

वंदना. डोक्यावर बोटभर केस आले होते. तिने नानांचा हात त्या दोघांच्या हातातून सोडवला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मग शेठपुढे जाऊन उभी राहिली. "त्या मानसाला ऱ्हाऊ द्या. पेशंट मी हाय. मना घाला शाल, माझा फोटू काढा."

मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "वंदना, काकूंना हे आवडलं नसतं."

"काकूनं मना इचारलं नव्हतं," ती फोटोवाल्याकडे बघत म्हणाली. "आता मी पन तिला इचारत न्हाय."

शाल पडली, फोटो निघाला. ती बाजूला झाल्यावर कोणीतरी तिच्यापुढे चहाचा ट्रे धरला. तिने कप उचलला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. मग शाल घडी करून काखेत मारली आणि माझ्याकडे आली.

"उंद्या डबा येल ना?"

"येईल," मी म्हटलं.

"मग डबा करनाऱ्या बाईला सांगा, मीठ कमी टाक. किती येला सांगायचा?"