कोयता, सुरी आणि सुलभा

गौरवचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत होते. अर्धा जबडा बधिर झालेला. "मावशी, आई गेली. पहाटे झोपेतच..." एवढंच तो म्हणाला आणि मला धड 'काय?' असंही विचारता येईना. घशातून नुसता एक आवाज निघाला. डॉक्टरबाईंना वाटलं, मला दुखतंय. त्या आणखी एक इंजेक्शन भरायला लागल्या. त्याला आता काही आठवडे झाले, पण तो न विचारलेला प्रश्न अजून तोंडात तसाच आहे. सुलभा असती तर आधी तिने मला हेच विचारलं असतं, "बधिर म्हणजे नेमकं कसं वाटतं गं? जीभ आपली वाटते की दुसऱ्याची?"

सुलभा सावंत आणि मी मुलुंडच्या एका कारखान्यात बरोबर नोकरी केली. तिथे ड्रिल, पाने, कानशी अशी हत्यारं बनायची. मी हिशेबखात्यात होते आणि ती तपासणीच्या खोलीत. यंत्राचं टोक पोलादात रुतवायचं, खड्डा केवढा पडला ते भिंगातून बघायचं आणि त्यावरून पोलाद किती कडक ते ठरवायचं, हे तिचं काम. मला ते भयंकर कंटाळवाणं वाटायचं. ती मात्र डबा खाताना सांगायची, "आज एक तुकडा असा आला ना, एका टोकाला लोणी आणि दुसऱ्या टोकाला दगड!" तिचा नवरा लवकर गेला, मुलगा गौरव शिकून बंगळूरला गेला. निवृत्त झाल्यावर आमच्यातल्या कोणी युरोप केलं, कोणी गुडघे केले. सुलभाने सुरी घेतली.

सुरी म्हणजे भाजीची नव्हे. परदेशातल्या कुणा कारागिराने हाताने घडवलेली, पात्यावर पाण्यासारखे तरंग उठलेली, अक्रोडाच्या मुठीची, मखमलीच्या पेटीत निजलेली. तेवढ्या पैशांत नवा फ्रिज आला असता आणि तिचा जुना तर रिक्षासारखा घुरघुरत होता. "हिने कापणार काय तू?" मी विचारलं. "काही नाही. बघणार." मग तिने बाल्कनीतून कोयता आणला. कुडाळच्या आठवडी बाजारातला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. वर्तमानपत्रावर दोघांना शेजारी शेजारी ठेवून म्हणाली, "आता सांग. हिची एवढी किंमत का आणि ह्याची एवढीशीच का?"

"हौसेला मोल असतं का बाई?"

"ते झालंच गं. पण पोलादात काय फरक आहे?"

तिथून सुरू झालं ते. वांद्र्याला सुऱ्या जमवणाऱ्या हौशी मंडळींची बैठक भरायची, तिथे ही मला घेऊन गेली. सगळे पुरुष, सगळ्यांच्या हातात पांढरे मोजे. हिने सरळ विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आपल्या सुरीने कधी काही कापलंय का?" मग एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, कापलं की किंमत गेली." मला हसू आवरेना, पण सुलभा हसली नाही. परतताना रिक्षात म्हणाली, "न वापरल्याने जिची किंमत राहते अशी वस्तू... इंटरेस्टिंग आहे ना?"

मग एकदा आम्ही कुडाळजवळ तिच्या गावी गेलो, तो कोयता ज्याने घडवला त्या लोहाराकडे. भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी तापवून तो कोयते करायचा आणि फक्त धारेलाच पाणी द्यायचा, म्हणजे तेवढीच तापलेली कड पाण्यात बुडवून कडक करायचा. पाठ तशीच मऊ ठेवायचा. "पाठीला का नाही देत पाणी?" हिने विचारलं. तो खो खो हसला. "माका काय ठावक, बाये? बापूस असाच करी, म्हणान मी असाच करतंय." सुलभाने लगेच तिथे बसकण मारली आणि त्याला सांगू लागली, की पाठ मऊ म्हणून फांदीवरचा घाव ती पचवते, सगळंच कडक केलं तर मोडेल. त्याला ते पटलं नाही. दोघं चहा थंड होईपर्यंत भांडत होती. आम्ही निघताना त्याने तिला फणस दिला.

गेल्या वर्षी वादळी वारा सुटला त्या दुपारी मी तिच्याकडेच होते. सोसायटीतल्या गुलमोहराची मोठी फांदी ए विंगच्या जिन्यासमोर कोसळली आणि येताना पहिल्या मजल्यावरची कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ओढून घेऊन आली. वर म्हात्रेकाकांच्या छातीत दुखायला लागलं होतं. ॲम्ब्युलन्स फाटकात उभी, पण काकांना खाली आणायला वाट नाही. अग्निशमन दलाला फोन लागला, पण सगळ्या उपनगरात झाडं पडलेली. काकू वरून ओरडत होत्या, "अरे, कुणीतरी काहीतरी करा रे!" सुलभा बी विंगमधून कोयता घेऊन उतरली. साडीचा पदर खोचून तिने घाव घालायला सुरुवात केली. डहाळ्या सपासप पडू लागल्या. ती दमली की शेजारचे देसाई घ्यायचे, मग पुन्हा ती. पण जाळीपाशी सगळं अडलं. कोयता मारला की जाळी नुसती झुलायची. कुणीतरी कात्रीने एकेक धागा कापत बसलं होतं.

"वर जा, पेटीतली सुरी आण," ती मला म्हणाली.

"ती?"

"हो, तीच. पळ!"

मी सुरी पदरात गुंडाळून आणली. तिने जाळी ताणून धरायला लावली आणि वरपासून खालपर्यंत सुरी ओढली. रेशीम फाटावं तशी जाळी फाटली. शेवटी पातं लोखंडी ग्रिलवर आपटलं, खण्णकन्... खुर्चीत बसवून काकांना त्या वाटेने बाहेर काढलं. ते वाचले. आज हळूहळू जिना उतरून पेपर आणायला जातात.

सुरीच्या धारेचा टवका उडाला होता. मला रडू येत होतं. वांद्र्याच्या गृहस्थांनी फोटो बघून कळवलं, "वाट लागली की हो! पाठवून द्या, घासून नीट करून देतो." सुलभाने साफ नकार दिला. टवक्यावर भिंग धरून ती खिडकीपाशी उभी होती आणि चेहरा लहान मुलीसारखा खुललेला. "अगं, इकडे ये! पोलादाचा दाणा बघ किती बारीक आहे. मोडल्याशिवाय हे दिसलंच नसतं मला." मी भिंगातून पाहिलं. राखाडी, साखरेसारखं काहीतरी चमकत होतं. मला त्यातलं काही कळलं नाही. पण तिला कळत होतं, हे मात्र स्वच्छ दिसलं.

दिवसपाणी झाल्यावर गौरव सुरी बंगळूरला घेऊन गेला, टवक्यासकट. कोयता म्हात्रेकाकूंनी मागून घेतला.

परवा मी सुलभाच्या गल्लीच्या तोंडाशी शहाळं घ्यायला थांबले. शहाळेवाल्याने मला ओळखलं. "त्या ताई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत? मला म्हणाल्या होत्या, चाकावर धार लावू नकोस, दगडावर लाव आणि किती टिकते बघ. येऊन तपासणार होत्या."

मी सांगितलं. त्याने फडक्याने पातं पुसलं आणि मूठ माझ्याकडे करून कोयता पुढे धरला. "मग तुम्ही बघा."

मला धारेतलं ओ की ठो कळत नाही. तरी मी चष्मा पुसला, पातं उन्हाकडे वळवलं आणि विचारलं, "हा घडवला कुणी रे?"