गायकवाडांचा पीसी बोलायचा थांबला

“मॅडम, काल तुमी काम करून गेला त्यातला एक पीसी बोलंना झालाय.”

फोनवर बिराजदार सर होते. सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. मी सात रस्त्याजवळच्या आमच्या दुकानात एक पॉवर सप्लाय उघडून बसले होते. मला हसू आलं.

“सर, पीसी आधी तरी कुठं बोलत होता?”

“बोलत होता की. गायकवाडांचा. त्यांना दिसत न्हाय न्हवं.”

हसू तिथंच थांबलं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. मूळची मोहोळची. आयटीआय केलं, सोलापुरात आले, श्रीनिवास सरांच्या फर्ममध्ये लागले, त्याला आता चौदा वर्षं झाली. शाळा, पतसंस्था, दवाखाने यांच्या मशीन्सचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आम्ही घेतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी अजून विंडोज सेव्हन आहे. लोक विचारतात, नवीन का टाकत नाही? मशीन जुनं, रॅम दोन जीबी. नवीन विंडोज टाकली तर ती चालू होईस्तोवर खाली जाऊन चहा पिऊन येता येतं. म्हणून जुन्या विंडोजवरच नवीन सॉफ्टवेअर बसवायचं. तेच आमचं रोजचं काम.

त्या संस्थेत बोनाफाईड आणि शाळा सोडल्याचे दाखले छापायचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. बारा मशीन. नवीन सॉफ्टवेअर चालायचं तर आधी विंडोजच्या काही सामाईक फाईल्स अपडेट कराव्या लागणार होत्या. सामाईक म्हणजे फाईल एकच, पण ती वापरणारे प्रोग्रॅम तीन-चार. गल्लीत एकाच घरी लांब शिडी असते आणि लागेल तो ती घेऊन जातो, तसं. नवीन सॉफ्टवेअर येतं आणि म्हणतं, ही शिडी जुनी झाली, मी नवी आणलीय. जुनी काढून नवी ठेवतं. बहुतेकांचं त्या नव्या शिडीवर भागतं. एखाद्याच्या माळ्याला ती बसत नाही.

म्हणून सेटअप मध्येच थांबून विचारतो. अमुक प्रोग्रॅम चालू आहे, बंद करू का? अमुक फाईल आधीच आहे, बदलू का? अशा वेळी थांबायचं असतं. ही फाईल अजून कोण वापरतंय ते बघायचं, जुनीची कॉपी काढून ठेवायची, मग पुढं जायचं. नवीन येणाऱ्यांना मीच हे शिकवते.

त्या दिवशी तिसऱ्या मशीनपासून मी सरळ ‘यस टू ऑल’ दाबत गेले.

कारण सांगते, पण ते कारण म्हणून चालणार नाही हे मला माहीत आहे. सकाळी मी पोचले तेव्हा बिराजदार सर माझ्यासमोरच श्रीनिवास सरांना फोनवर म्हणाले होते, “बाईमाणूस पाठवलाय तुमी. बारा मशीनं आज हुतील का?” मी पाचच्या आत बारा मशीन संपवून दाखवायची एवढंच डोक्यात घेतलं. पावणेपाचला संपवली.

गायकवाडांचं मशीन नववं होतं. ते अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते. खिडकीकडचं टेबल, मॉनिटर बंद, कीबोर्डवर हेडफोन ठेवलेला. मी मॉनिटर चालू केला. एक ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम चालू होता. सेटअपनं विचारलं, बंद करू का? म्हटलं, कर. साहेब गाणी ऐकत बसत असतील दिवसभर, असंही मनात येऊन गेलं. दाखल्याचं सॉफ्टवेअर उघडतंय एवढं बघितलं, मशीन रीस्टार्टला टाकलं, मॉनिटर होता तसा बंद केला आणि दहाव्याकडं वळले.

दुसऱ्या दिवशी फोन आल्यावर तासाभरात मी तिथं गेले.

विलास गायकवाड पन्नाशीचे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लहानपणीच नजर गेलेली. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार ते टाईप करायचे. स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, स्क्रीन रीडर. हेडफोन लावून तो ऐकायचा आणि त्यावर काम करायचं. मला गाण्याचा वाटलेला प्रोग्रॅम तो हाच. निवृत्त शिक्षक पेन्शनच्या अर्जासाठी थेट त्यांच्याच टेबलाकडं यायचे. गायकवाडांनी लिहिलेला अर्ज परत येत नाही, असा लौकिक होता.

“या मॅडम,” ते उठून उभे राहिले. “काल माझी भेट झाली नाही. सकाळपासून गप्पच आहे बघा.”

मी मॉनिटर चालू केला. स्क्रीनच्या मधोमध एक बॉक्स आला होता. आवाजाचा भाग सुरू होऊ शकत नाही, अमुक फाईलचं व्हर्जन जुळत नाही. फाईलचं नाव वाचलं. काल मीच बदललेली फाईल.

बॉक्स सकाळपासून तिथंच होता. पण तो वाचून दाखवणाराच बंद पडला होता, मग गायकवाडांना कळणार कसं?

टेबलापलीकडं बिराजदार सर उभे होते. त्यांना स्क्रीनची पाठ दिसत होती. “काय झालंय? कालच्या कामानं काय झालंय का?”

“नाही सर.”

शब्द तोंडातून गेला. त्यानंतर मी ‘ओके’ दाबलं आणि बॉक्स नाहीसा झाला.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? जुनी फाईल परत टाकली तर दाखल्याचं सॉफ्टवेअर बंद पडणार. जुनीची कॉपी तर मी ठेवलीच नव्हती. बाराही मशीन पुन्हा बघावी लागली असती. ‘बाईमाणूस’ पुन्हा ऐकावं लागलं असतं. हे सगळं अर्ध्या मिनिटात डोक्यातून गेलं. समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, ते मात्र आलं नाही.

मी हेडफोन लावून एक आवाज वाजवून दाखवला. “साउंड चालू आहे सर. यांचं सॉफ्टवेअर उडालंय. एखादी चुकीची की दाबली गेली असेल.”

गायकवाड शांतपणे म्हणाले, “मॅडम, अकरा वर्षं मी त्याच कीज दाबतोय. तुम्ही काल काय टाकलं, तेवढं सांगता का?”

“त्याचा याच्याशी संबंध नाही.”

आमचा सर्व्हिस रिपोर्ट कार्बनच्या वहीत असतो. वरची प्रत आमची, खालची गिऱ्हाइकाची. मी लिहिलं: मशीन चेक केलं, साउंड ओके, युजर एरर. युजर एरर म्हणजे वापरणाऱ्याची चूक. आमच्या धंद्यात हे दोन शब्द लिहिले की आपली जबाबदारी संपते.

सही लागते ती मशीन वापरणाऱ्याची. गायकवाडांनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची एक चौकट काढली, सहीपुरती फट कापलेली. ती कागदावर कुठं ठेवायची ते मी दाखवलं. पेन टेकवण्याआधी ते म्हणाले, “काय लिहिलंय, वाचता का?”

मी वाचलं, “मशीन चेक केलं. साउंड ओके.”

त्यांनी सही केली. छान, वळणदार सही होती.

जिना उतरताना माझे कान तापले होते. एवढं सगळं होऊन मी स्वतःला सांगत होते, उपाय शोधू, गुपचूप येऊन बसवून जाऊ.

उपाय दुसऱ्याच दिवशी सापडला. दुकानातल्या जुन्या मशीनवर करून बघितलं. सामाईक फाईल नवीच राहू द्यायची आणि तिचं जुनं व्हर्जन स्क्रीन रीडरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. प्रोग्रॅम आधी आपल्या घरात बघतो, मग बाहेर. दोघांचंही भागतं. वीस मिनिटांचं काम. जुनी फाईल मी पेनड्राइव्हवर घेतली.

आणि तो पेनड्राइव्ह पर्समध्ये घेऊन तीन आठवडे फिरले. वैरागच्या दोन शाळांत गेले, बार्शीला गेले, परत वैरागला. त्या संस्थेवरून रोज गाडी जायची. आत गेले नाही. गेले तर विचारतील, आता कसं जमलं? तेव्हा का नाही जमलं?

शेवटी संस्थेतूनच प्रिंटर बिघडल्याचा फोन आला म्हणून जावं लागलं.

खिडकीकडच्या टेबलावर पीसीला कव्हर घातलं होतं, वर फॉर्मचे गठ्ठे. गायकवाड दाराजवळ, टेलिफोनच्या स्टुलाशेजारी बसले होते. समोर पाकिटांचा ढीग. एकेक पाकीट चाचपून त्यावर संस्थेचा शिक्का मारत होते.

बिराजदार सरांना विचारलं. ते म्हणाले, “तुमी लिवून दिलं की, त्यांच्याकडनंच बिघडतंय म्हणून. संस्थेचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, आता वय झालं, नको मशीन. फोनवर बसवा. पगार काय थांबला न्हाय त्यांचा.”

मी प्रिंटर न उघडताच खिडकीकडं गेले. गठ्ठे उतरवले. पीसी चालू केला. तोच बॉक्स आला. या वेळी मी तो मोठ्यानं वाचला, फाईलच्या नावासकट. गायकवाडांचा शिक्का मारायचा आवाज थांबला.

फाईल टाकली, रीस्टार्ट केलं, हेडफोनची वायर काढून स्पीकर लावला. थोडा वेळ काही नाही. मग तो खरखरीत, भरभर बोलणारा आवाज आला, “रिसायकल बिन.”

ऑफिसात दोघंतिघं हसली. गायकवाड भिंतीला हात लावत टेबलापर्यंत आले, खुर्चीत बसले आणि कीबोर्डवर बोटं ठेवून नुसतेच ऐकत राहिले.

मी खुर्चीशेजारी उभी राहिले. “सर, ही फाईल मीच बदलली होती. त्या दिवशी आले तेव्हा मला कळलं होतं. आणि रिपोर्टमध्ये मी युजर एरर लिहिलं होतं. ते तुम्हाला वाचून दाखवलं नाही.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

मला कळेना.

“खालची प्रत ऑफिसात द्यायच्या आधी मी घरी नेली होती. आमच्या मंडळींनी वाचली त्याच संध्याकाळी.”

“मग तुम्ही इथं कुणाला सांगितलं का नाही?”

“काय सांगू मॅडम? खाली सही माझी होती की.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. तिथं उभं राहून काय करायचं ते मला सुचेना म्हणून मी वायर गुंडाळत बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसत नाही याचं मला बरं वाटलं. मग त्याचीही लाज वाटली.

बिराजदार सरांकडं जाऊन मी म्हटलं, जुना रिपोर्ट चुकीचा आहे, नवा लिहून देते.

“मशीन बोलायलंय न्हवं आता? मग कशाला लिखापढी वाढवताय?”

“लिहायचंय सर.”

मराठीतच लिहिलं. काय बदललं, का बिघडलं, मला कधी कळलं आणि मी काय लपवलं. बिराजदार सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही. “हे साहेबांपुढं ठेवावं लागंल.”

“ठेवा.”

दुकानात येऊन श्रीनिवास सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या संस्थेत सहा महिने तू जायचं नाही.” कॉन्ट्रॅक्ट राहिलं. माझा पगारही राहिला.

गायकवाडांना टेबल परत मिळालं, पत्रंही मिळाली. सगळी नाही. साहेबांची गोपनीय पत्रं मधल्या काळात दुसऱ्या क्लार्ककडं गेली होती, ती तिकडंच राहिली. मी चौकशी केली तेव्हा बिराजदार सर म्हणाले, “आता बसली घडी, कशाला मोडायची?” ही घडी माझ्या दोन शब्दांनी बसली होती. ती मला मोडता आली नाही.

सामाईक फाईल बदलताना जुनीची कॉपी ठेवावी, आणि काम झाल्यावर ते मशीन रोज वापरणाऱ्या माणसाला समोर बसवून तपासावं. हा नियम मी आधीही शिकवायचे, आताही शिकवते. आता तो का आहे तेही सांगते. सगळं नाही सांगत, थोडं सांगते.

सहा महिन्यांनी मी पुन्हा तिथं जायला लागले. गायकवाड उठून “या मॅडम” म्हणतात, चहा मागवतात, घरच्यांची चौकशी करतात. काम झालं की रिपोर्टची वही त्यांच्यापुढं ठेवते. ते चौकट काढतात, पण सही करत नाहीत. वही शेजारच्या टेबलावरच्या साखरेबाईंकडं सरकवतात आणि म्हणतात, “जरा वाचता का?” साखरेबाई पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतात. मग ते सही करतात.

मी उभी असते. बरोबरच करतात ते.