इज्जतीचं दुखणं

आमच्या सासरी मनाचा आजार कोणालाच होत नाही. चुलतसासरे दिवसभर हात धुतात, कातडी सोलून निघते, पण ती म्हणे स्वच्छतेची आवड. आतेसासूबाई कित्येक वर्षं खोलीबाहेर आल्या नाहीत, तर त्यांचा स्वभावच शांत. अशा या ठणठणीत घराण्याला बट्टा लावला तो आमच्या ह्यांनी.

हे सुटांच्या दुकानात कटर. सगळे मास्तर म्हणतात. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड परत जोडता येत नाही. म्हणून दुकानात शिवणारे बरेच, पण कात्री एकाच्याच हातात, आणि ती तरुणपणापासून ह्यांच्या. काम करताना शीळ घालायचे. घरी पाहुणा आला तरी त्याच्या सदऱ्याचं कापड बोटांत चोळून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस शीळ थांबली. खडूनं रेघ मारायची, पुसायची, परत मारायची. कात्री उचलली की छातीत धडधड आणि तळव्यांना घाम. मालकांनी कात्रीला धार लावून आणली. टेबलावरचा दिवा बदलला. चष्माही बदलून झाला. कात्रीच्या तब्येतीची सगळ्यांना काळजी, माणसाची कोणाला नाही. घरी हे न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. मला काय कान नाहीत? मी उठले आणि ह्यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा चिंतेचा आजार आहे, उपचारांनी आटोक्यात येतो. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. "काम सोडू नका, छोटे छोटे तुकडे कापा. आणि मला विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका." इतकं सोपं. पण आमच्या घरात सोपं काही टिकत नाही.

थोरल्या भाऊजींनी सभा भरवली. "वेड्यांचा डॉक्टर! घराण्याचं नाक कापायचंय का?" अहो, कापता येत असतं तर रडत कशाला बसले असते! सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं, "दुकानात काय सांगायचं रे?" शेवटी भाऊजींनीच डोकं लढवलं. मनगट मोडलं म्हणून सांगायचं! ओळखीचा कंपाउंडर गाठून चांगल्या धडधाकट उजव्या हाताला प्लास्टर घालून आणलं. गोळ्या गेल्या कॅल्शियमच्या बाटलीत.

आणि मग काय तो थाट, काय सांगू! हाडाचं दुखणं म्हणजे इज्जतीचं दुखणं. दारात भेटायला येणाऱ्यांची रांग. फळं काय, सूप काय, शेकायच्या पिशव्या काय! मालक स्वतः येऊन, "तुमची जागा कुठे जात नाही, मास्तर," म्हणून गेले. सासूबाई प्रत्येकाला पाय कसा घसरला ते रंगवून सांगायच्या. सुरुवातीला एक पायरी होती, पुढे पुढे अख्खा जिना झाला. डॉक्टरीणबाईंनी मात्र प्लास्टर बघून कपाळाला हात लावला. त्यांनी कापायला सांगितलं होतं, आम्ही हातच बांधून आणला होता. तरी गोळ्यांनी आणि बोलण्यानं ह्यांना झोप लागायला लागली. दार लावून डाव्या हातानं रद्दी कापत बसायचे. एकदा आतून शीळ ऐकू आली आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी सासूबाईंनी बाटली कचऱ्यात टाकली. "हाड जुळलं, आता गोळ्या कशाला?"

"अहो आई, कुठलं हाड?"

"अगं, मनगटाचं!"

सांगून सांगून त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. भाऊजींनी गंभीरपणे मान डोलावली. हेसुद्धा म्हणाले, "राहू दे गं, बरं वाटतंय मला." मी भांडले, अबोला धरला. पण घरात एवढे मोठे डॉक्टर बसलेले असताना माझं कोण ऐकतंय!

थोडे दिवस बरे गेले. मी दुकानातली काजं-बटणं घरी आणून करते. ती द्यायला गेले, तर हे टेबलापाशी कात्री उघडून नुसते उभे. समोर अस्तराचं कापड, त्यावर रेघांवर रेघा. कपाळ घामानं डबडबलेलं. शिवणयंत्रं एकेक करून थांबली. मालक प्रेमानं म्हणाले, "हात ठणकतोय का? जा घरी, आराम करा. हाडाला वेळ लागतोच."

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर उद्यापासून फळं परत सुरू झाली असती. ह्यांनी कात्री खाली ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हात मोडलाच नव्हता. मला भीती वाटते. कापायला गेलो की जीव घाबरतो. तो आजार आहे. औषध चालू होतं, ते मी बंद केलं."

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिन्यावरून पडलेल्या माणसाची जागा त्यांनी राखली होती, न पडलेल्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी हळूच हात पुढे केला आणि ती कात्री टेबलाच्या पलीकडे सरकवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मालक, मी रोज ह्यांच्या शेजारी झोपते, अजून सगळी शाबूत आहे. द्या ती इकडे!" मीच कात्री उचलून ह्यांच्या हातात दिली. "संध्याकाळी बाईंकडे जायचंय. गोळ्या आता जेवणाच्या टेबलावर राहतील, सगळ्यांसमोर. आईंना काय वाटायचं ते वाटू दे. आधी हा एवढा तुकडा कापा."

कापला त्यांनी. कात्री रेघ सोडून चांगली बोटभर बाहेर गेली.

"वाकडं गेलं," मालक म्हणाले.

"हो, गेलं," हे म्हणाले, आणि त्यांनी दुसरा तुकडा पुढे ओढला.