माझ्या नावाची सुई

स्पिरिटात भिजलेल्या कापसाचा वास — थंड, उग्र, नाकातून थेट गुडघ्यांत उतरणारा. तो आला की मला अजून हसू फुटते, आणि हसण्याच्या मागोमाग लाजही येते. का, ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही. ह्यांनासुद्धा नाही.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षे. ह्यांची अकोल्याच्या जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातली, नोकरी गेली आणि टांझानियातल्या एका जिनिंगने बोलावून घेतले. हे पुढे गेले. मागून मी जायची होते. टायफॉइडची लस घेतल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, असे पत्रातून दोनदा बजावले होते. मी अमरावतीच्या महाविद्यालयात वीररसाच्या कविता शिकवणारी बाई. सुईला भिते, हे कोणत्या तोंडाने सांगू?

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावाहून थोरल्या जाऊबाई सोबतीला आल्या. अकोल्याच्या दवाखान्यात परिचारिकेने नुसत्या आडनावाने हाक मारली. त्या आडनावाच्या बाकावर आम्ही दोघी. मी — मी फरशीवरची नक्षी न्याहाळू लागले. जाऊबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिले, उठल्या, पोलक्याची बाही वर सारली. कार्डावर नाव माझे उमटले.

बाहेर येताच म्हणाल्या, “कावून वं, पांढरी पडली? सुई तं मले टोचली!”

भर रस्त्यात आम्ही पोट धरधरून हसलो. इथवर गंमतच, नाही का? इथवरचेच असते, तर मी लपवले तरी कशाला असते?

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. दिवस वेचणीचे. लग्न होऊन आल्यापासून जाऊबाईंची एकही वेचणी चुकली नव्हती. त्या बोंडातून कापूस असा उचलत, की पाचोळ्याचा कण सोबत येत नसे. तेवढा एकच अभिमान त्या माउलीने मिरवला. त्या वर्षी पहिल्या वेचणीला त्या खाटेवर होत्या.

“थोरली लय नाजूक झाली बाप्पा!” मामंजी ओसरीतून म्हणाले. “अकोल्याची हवा लागली अन् खाटच धरली!”

सारे घर हसले. जाऊबाई माझ्याकडे पाहत होत्या. एक वाक्य — एकच पुरे होते. मी काय म्हणाले? म्हणाले, “उसाचा रस बाधला असेल.” आणि मीही हसले. तेव्हापासून ‘नाजूक’ हे नाव त्यांना चिकटले, ते कायमचे. त्यांनी ते कधी झटकले नाही.

टांझानियात मी दोन वर्षे पाणी खळखळा उकळून प्याले. हे माझ्या सावधपणाचे कौतुक करीत राहिले. तेही मी ऐकून घेतले.

निघतानाचे मात्र सांगायचे राहिले. बडनेऱ्याच्या फलाटावर मामंजी पाहुण्यांना सांगत होते, “आमची धाकटी सुईले भेत नाई!” जाऊबाई माझी ओटी भरत होत्या. त्यांनी माझा दंड हलकेच दाबला आणि चारचौघांत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, विचारले —

“दुखलं?”