पाळीवरचे शिंगाडे आणि होमराजची मंडई

पावसाळ्यात छत्री सांभाळता सांभाळता कुणाला गप्पा सुचत नाहीत. पण दसरा आला, धान पिवळं पडायला लागलं की आमगावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, किस्से साचायला लागतात. आम्ही चौघं तिथं रोज सकाळी फिरायला जातो. म्हणजे थोडं फिरतो, बाकी वेळ उकडलेले शिंगाडे खातो!

आमच्यात वडीलधारे म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले वासनिककाका. डॉक्टरांनी त्यांना भरपूर चालायला सांगितलंय. परवा काकूंचा फोन आला तेव्हा काका शिंगाड्याच्या टोपलीशेजारी बसले होते.

"चालून राहिलो ना!" काका खोटं खोटं धापा टाकत म्हणाले.

तेवढ्यात शिंगाडेवाला ओरडला, "काका, दूसरी प्लेट लगाऊँ क्या?"

फोनमधून काकूंचा आवाज आला, "भैया, एक मेरे लिए भी बाँध दो!"

दुसरा तेजराम. त्याचं शेत बिरसीला आहे, विमान चालवायला शिकवतात तिथं. शिकाऊ पोरं विमान घेऊन दिवसभर त्याच त्याच चकरा मारतात. तेजरामची आई धान कापता कापता वर बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"काऊन गा तेजराम, या पोराले घर सापडून नाही राहिलं का?"

मागच्या आठवड्यात नागपूरहून काही मंडळी भलेमोठे कॅमेरे घेऊन पाळीवर आली. "इथं सारस दिसतो ना?" त्यांनी तेजरामला विचारलं. हा शांतपणे म्हणाला, "काल होता. आता तुमाले पाहाले नागपूरले गेला असल."

तिसरा होमराज, मेडिकल स्टोअरवाला. स्वभावानं सोनं, पण वय चाललंय आणि लग्न जमत नाही. मुलगी समोर आली की याची बोलती बंद! एका घरी मुलीच्या वडिलांनीच सुचवलं, "काही विचारायचं असेल तर विचारा."

बराच वेळ विचार करून यानं वडिलांनाच विचारलं, "बीपीची गोळी वेळेवर घेता ना?"

नकार आला. वडील मात्र तेव्हापासून गोळ्या याच्याच दुकानातून नेतात!

हे त्यानं पाळीवर सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. होमराजही हसला, पण शिंगाडे तसेच ठेवून घरी गेला. मला फार वाईट वाटलं.

म्हणून दिवाळीनंतर तो सौंदडकडच्या एका गावी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, निघाला, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच धाकधूक. मंडईच्या निमित्तानं मुलगी बघायची होती. पत्ता होता 'तलावाजवळ, दारात ट्रॅक्टर'. मंडईच्या दिवशी घरोघर पाहुणे असतात आणि दारात आलेल्याला 'तुम्ही कोण' असं कुणी विचारत नाही. होमराज गेला, त्याला पाय धुवायला पाणी मिळालं, पुढ्यात ताट आलं.

एक मुलगी वडे वाढत होती. "लाजून काऊन राहिले जी? पोटभर जेवा!"

बघायची मुलगी आत तयार होत असेल, ही तिची बहीणबिहीण असेल, असं समजून होमराजची जीभ सुटली. दुकानातल्या गमती काय, वासनिककाकांचे शिंगाडे काय! ती वाढायचं विसरून हसत सुटली. आणि याची पंचाईत झाली. बघायची एक, आवडली भलतीच!

तेवढ्यात फोन वाजला. बघायच्या मुलीचे वडील. आवाज असा खणखणीत की ओसरीभर ऐकू जावा.

"पाहुणे, कुठं आहा?"

"तुमच्याच घरी. जेवून राहिलो."

"आमच्या घरी? आमी तर दारात उभे राहून तुमची वाट पाहून राहिलो!"

होमराजनं दाराबाहेर पाहिलं. शेजारच्या घरापुढेही ट्रॅक्टर होता.

"आता या लवकर," वडील म्हणाले, "पण थोडं थांबा लागंल. पोरगीबी घरी नाही. पाहुण्याचं नाव ऐकलं अन् सकाळीच शेजारी वाढाले पळाली!"

वड्यांचं ताट हातात धरून ती मुलगी जागच्या जागी उभी राहिली. आधी फोनकडे पाहिलं, मग याच्याकडे.

"तुमीच होय का ते?"

होमराजनं आपलं ताट पुढं केलं.

"आणखी एक वाढा."